बुधवार ते मंगळवार: पॅरिसच्या थिएटरांची वही

बुधवार, २० मार्च २०२४

नगररचनेच्या या सत्रात प्रत्येकाला शहराची एक सवय निवडून आठवडाभर तिच्यामागे फिरायचं काम दिलंय. कुणी बेकरीसमोरच्या रांगा घेतल्या, कुणी संध्याकाळी कालव्याकाठी जमणारी मंडळी. मी थिएटरं घेतली. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "एवढे पैसे भरून पिक्चर बघायला गेलीस होय गं?" तिला अजून पटलेलं नाही. मार्गदर्शक बाई लगेच हो म्हणाल्या, पण अट घालून: सिनेमा कसा होता हे लिहायचं नाही, थिएटर कसं चालतं ते लिहायचं. त्यामुळे या वहीत मी पाहिलेल्या सिनेमांची नावं येणार नाहीत.

प्रश्न एवढाच ठेवलाय. जागेचे भाव असे भयानक असलेल्या शहरात चारशेहून जास्त पडदे तगतात कसे? वर्गात विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, फ्रेंच माणसाचं सिनेमावर प्रेमच तसं आहे. मला हे उत्तर आळशी वाटतं. कोल्हापूरकरांचं प्रेम कमी होतं का? बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी आमच्या गावची, प्रभातसुद्धा १९२९ साली तिथेच उभी राहिली आणि मग पुण्याला गेली. प्रेमाने थिएटरं वाचत असती तर आमच्याकडे एकही बंद पडलं नसतं.

आठवडा बुधवारी सुरू करायला कारण आहे. इथे नवा सिनेमा बुधवारी लागतो. शाळांना आठवड्याच्या मधोमध मिळणारी सुट्टी १९७२ साली गुरुवारवरून बुधवारवर आली, तेव्हापासून सिनेमाचाही वार बुधवारच. सकाळी कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याकडून 'लोफिसिएल दे स्पेक्ताक्ल' घेतलं. १९४६ पासून निघणारं, पिशवीत सहज मावणारं साप्ताहिक. बुधवार ते मंगळवार कुठल्या थिएटरात कुठला खेळ किती वाजता, ते बारीक टायपात. चाळताना जाणवलं ते हे की जुन्या सिनेमांची यादी नव्यांच्या यादीइतकीच भरघोस आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा सिनेमा मंगळवारी दुपारी दोन वाजता, कसलंही निमित्त नसताना, साध्या तिकिटावर.

सुरुवात मुद्दाम मल्टिप्लेक्सपासून केली. ले आलचं थिएटर जमिनीखाली आहे, मेट्रोच्या जंक्शनला चिकटून, २७ पडद्यांचं. तिकीटखिडकीवर जवळजवळ कुणी नाही. लोक येतात, कार्ड टेकवतात, आत जातात. महिन्याला ठरावीक रक्कम भरायची आणि हवे तितके खेळ बघायचे, अगदी एसटीच्या पाससारखं. २००० साली हे कार्ड निघालं तेव्हा छोट्या थिएटरवाल्यांनी बोंब ठोकली की आता आम्ही मेलो. दुसऱ्याच वर्षी कायदा झाला: कार्ड काढणाऱ्या मोठ्या कंपनीने छोट्यांनाही त्यात घ्यायचं, आणि कार्डावर आलेल्या दर प्रेक्षकामागे त्यांना ठरलेले पैसे द्यायचे. आज गल्लीबोळातली बरीच स्वतंत्र थिएटरं हीच कार्डं घेतात. वर्गातल्या उत्तराला पहिला तडा इथेच गेला.

जाहिराती वीस मिनिटं. मध्यंतर नाही. दिवे मंद झाले की माझे पाय अजूनही उठायच्या तयारीत असतात. महाराष्ट्रात २००३ पासून खेळाआधी राष्ट्रगीत होतं, तेवढं अंगात मुरलंय.

गुरुवार, २१ मार्च

आजचा दिवस रू शांपोल्यों या एका गल्लीचा. सोर्बोन विद्यापीठाच्या शेजारी, एक गाडी कशीबशी जाईल एवढी रुंदी, आणि तेवढ्यात तीन थिएटरं: कोपऱ्यावर ल शांपो, मग ल रफ्ले मेदिसीस, मग ला फिल्मोथेक. गल्ली ज्याच्या नावाची, त्या शांपोल्योंने इजिप्तची चित्रलिपी उलगडली. शांपो हे त्याच नावाचं लाडकं रूप. थिएटर १९३८ पासून चालू आहे. फिल्मोथेकच्या दोन हॉलची नावं मॅरिलिन आणि ऑड्री, एक लाल, एक निळा.

शांपोच्या दुपारी दोनच्या खेळाला रांग होती. पाऊस पडत होता आणि रांग फुटपाथवरच. आत उभं राहायला जागाच नाही. मी रांगेतली माणसं न्याहाळत बसले, म्हणजे उभी राहिले. अर्धीअधिक पांढऱ्या केसांची, उरलेली विद्यार्थी. मधलं वय गायब. नोकरीतला माणूस दुपारी दोनला येणार कुठून, हे खरंच, पण ही दोन टोकं मुळात भेटतात तरी कुठे? या शहरात म्हातारी माणसं आणि विशीतली पोरं एकाच गोष्टीसाठी एकाच रांगेत उभी राहिलेली मी दुसरीकडे फारशी पाहिलेली नाहीत. नकाशात या गल्लीला वेगळा रंग द्यायचा.

तिकीट विद्यार्थी दरात. त्यावर खुर्चीचा नंबर नाही, जिथे जागा मिळेल तिथे बसा. तिसऱ्या रांगेच्या कडेला एक आजी होत्या. त्यांनी पिशवीतून चपटी उशी काढली, पाठीशी लावली, कोट घडी करून मांडीवर घेतला, चष्मा बदलला. सगळं न बघता, हाताच्या सवयीने. मी भारतातली म्हटल्यावर लगेच सत्यजित राय. रायांचे सिनेमे आजींनी याच गल्लीत पाहिलेत, हेही सांगितलं. मी विचारलं, घरी नाही बघत? त्या म्हणाल्या, घरी फोन वाजतो.

सिनेमा जपानी होता, सबटायटल फ्रेंच. माझं फ्रेंच अजून असं आहे की ओळ वाचून होईपर्यंत चेहरा निघून गेलेला असतो. तासाभराने वाचणं सोडलं. कुणी दार सरकवून बाहेर जातं, कुणी चहा ओततं, तेवढं पुरलं.

खेळ सुटल्यावर ऑपरेटरशी बोलायला मिळालं. मोठ्या हॉलची अडचण अशी की प्रोजेक्टर पडद्यासमोर सरळ ठेवायला जागाच नव्हती, म्हणून पेरिस्कोपसारखी आरशांची रचना. किरण आरशावरून वळून पडद्यावर जातो. जागा नाही म्हणून थिएटर बंद करायचं नाही, आरसा बसवायचा! आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला हे शिकवायला हवं. ऑपरेटर स्वतः त्यात काही विशेष मानत नव्हता. त्याची तक्रार वेगळीच: सिनेमा आता हार्डडिस्कवर येतो, रिळं क्वचित, त्यामुळे हाताला काम उरलं नाही.

शुक्रवार, २२ मार्च

आज हिशेब. सिनेमाच्या संस्थेची, सेएनसेची, कागदपत्रं काढून बसले. ही सरकारी संस्था १९४६ सालची. प्रत्येक तिकिटावर १०.७२ टक्के अधिभार लागतो आणि तो सरकारच्या तिजोरीत विरघळत नाही, सेएनसेच्या निधीत जातो.

आठ युरोचं तिकीट धरलं तर सुमारे ८६ सेंट या निधीत, साडेपाच टक्के व्हॅटचे सुमारे ४२ सेंट, संगीताच्या हक्काचे थोडे. उरलेल्यातला जास्तीत जास्त निम्मा वितरकाचा, बाकी थिएटरचा. खरी गंमत त्या ८६ सेंटांत आहे. त्यातला काही भाग त्याच थिएटरच्या नावे जमा राहतो आणि मालकाला तो फक्त थिएटरवर खर्च करता येतो: नव्या खुर्च्या, नवा पडदा, प्रोजेक्टर, आवाजाची यंत्रणा. फ्लॅट घ्यायला नाही. अधिभार प्रत्येक सिनेमावर आहे, अमेरिकन असो की फ्रेंच. म्हणजे हॉलिवूडचा सिनेमा धो धो चालला की शांपोल्योंच्या गल्लीतल्या खुर्चीचा स्पंज बदलायची सोय होते.

आपल्याकडे सध्या, म्हणजे २०२४ मध्ये, शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर १२ टक्के आणि वरच्यावर १८ टक्के जीएसटी आहे. २०१७ पूर्वी करमणूक कर होता, मराठी सिनेमाला तो माफ होता. जीएसटीचा दर इथल्यापेक्षा फार वेगळा नाही. फरक हा की गेलेला पैसा थिएटरच्या वाटेने परत येत नाही.

त्याशिवाय पॅरिस महापालिका छोट्या स्वतंत्र थिएटरांना अनुदान देते. आणि सिनेमे घरात पोचायला इथे वेळ लागतो: थिएटरनंतर सहा महिन्यांनी कनाल प्लुस ही पैसे भरून बघायची टीव्ही वाहिनी, पंधरा महिन्यांनी नेटफ्लिक्स. हिंदी सिनेमा आठ आठवड्यांत ओटीटीवर येतो. मग थिएटरवाल्याने कुणाची वाट बघायची?

डोकं तापल्यावर चालत बुलव्हार दे काप्युसीनला गेले. १४ नंबरच्या इमारतीच्या तळघरात २८ डिसेंबर १८९५ ला ल्युमिएर बंधूंचा पहिला तिकीट लावून झालेला खेळ. एक फ्रँक तिकीट, ३३ प्रेक्षक. भिंतीवर पाटी आहे, लोक न बघता जातात. सहा महिन्यांनी, ७ जुलै १८९६ ला, हाच खेळ मुंबईत काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात, एक रुपया तिकिटावर. ल्युमिएरांचा माणूस ऑस्ट्रेलियाला चालला होता, वाटेत मुंबई लागली, एवढंच निमित्त.

त्यातून सावे दादा. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला, १८९९ मध्ये हँगिंग गार्डनला कुस्ती चित्रित केली, आणि १९०१ च्या डिसेंबरात रँग्लर परांजप्यांचं मुंबईतलं स्वागत. केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणितात पहिला, होऊन परत आलेला तरुण. परदेशात शिकलेला मराठी विद्यार्थी भारतीय सिनेमाच्या अगदी पहिल्या रिळांत आहे. तो पडद्यावर होता, मी खुर्चीत. हे आईला सांगून बघायला हरकत नाही.

शनिवार, २३ मार्च

सिनेमाटेक फ्रांसेज, म्हणजे इथलं चित्रपट संग्रहालय. बेर्सीला. आधी इमारतीबद्दल, कारण माझा विषय तोच. वास्तुकार फ्रँक गेरीने ही अमेरिकन सेंटर या सांस्कृतिक संस्थेसाठी बांधली, १९९४ मध्ये उघडली, दोन वर्षांत सेंटरचं दिवाळं वाजलं. कित्येक वर्षं रिकामी. शेवटी सिनेमाटेक २००५ मध्ये इथे आली. बाहेरून वेडीवाकडी, आत गेल्यावर वाटा सापडत नाहीत. मला ती आवडली नाही. पण रिकाम्या इमारतीला असा भाडेकरू मिळणं हे भाग्यच.

संस्था १९३६ ची, आंरी लांग्ल्वा आणि जॉर्ज फ्रांज्यू यांची. लांग्ल्वाचं म्हणणं साधं होतं: सगळं जपायचं. चांगलं-वाईट ठरवणारे आपण कोण? जर्मन ताब्याच्या काळात त्याने रिळं लपवली. घरातल्या न्हाणीच्या टबात रिळं ठेवायचा अशी आख्यायिका आहे. आणि तो जपलेलं दाखवायचा, रोज, छोट्या हॉलमध्ये. पुढच्या रांगांत बसून बघणाऱ्या पोरांतून नंतर दिग्दर्शक निघाले. फेब्रुवारी १९६८ मध्ये सरकारने त्याला काढलं तेव्हा तीच पोरं रस्त्यावर उतरली, पोलिसांचा मार खाल्ला, आणि एप्रिलमध्ये सरकारला त्याला परत घ्यावं लागलं. मे १९६८ चं विद्यार्थ्यांचं आंदोलन त्यानंतरचं. सिनेमा दाखवणाऱ्या माणसासाठी एवढा दंगा झालेलं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

आपल्याकडचा लांग्ल्वा म्हणजे पी. के. नायर. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ चं, नायर तिथे पुढच्याच वर्षी आले आणि हयात तिथेच घालवली. अंधारात टॉर्च लावून ते वहीत टिपणं करत. मीही आज प्रयत्न केला, मोबाईलच्या उजेडात. शेजाऱ्याने एवढ्या थंड नजरेने बघितलं की फोन पर्समध्ये गेला. नायरांकडे टॉर्च होता आणि अधिकारही होता.

खेळ ३५ एमएमचा. मोठ्या हॉलला लांग्ल्वाचं नाव आहे. पॉपकॉर्न नाही, पाण्याची बाटलीसुद्धा लोक चोरून काढतात. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर गोल ठिपका चमकतो, काही सेकंदांनी पुन्हा एकदा, आणि दुसरा प्रोजेक्टर सुरू. माहीत नसेल तर दिसत नाही. माहीत झाल्यावर मात्र डोळा कोपऱ्यातच. ओरखडे होते, एका जागी फिल्म चिकटवलेली असावी, उडी मारली. माझ्या पुढच्या माणसाने खुशीने मान हलवली, गवयाने समेवर यावं तशी दाद.

इथेही मुद्दा तोच. संग्रहालय सगळीकडे असतं. इथे ते रोज खेळ लावतं, आणि वर्षाचा पास काढला की विद्यार्थ्याला परवडतं. जपणं आणि दाखवणं एकाच छताखाली, संध्याकाळी सात वाजता, नोकरी सुटल्यावर. पुण्याच्या संग्रहालयात काय काय आहे हे पुण्यातल्या किती जणांना माहीत असेल?

रविवार, २४ मार्च

आजपासून तीन दिवस 'प्रांतां द्यू सिनेमा', देशभर तिकीट पाच युरो. ग्रां रेक्सला गेले. १९३२ चं, सुमारे २,७०० खुर्च्या. छताला चांदण्या, भिंतींवर भूमध्य समुद्राकाठच्या गावाचे मनोरे, गच्च्या, कमानी. १९८१ पासून संरक्षित वास्तू, पाडता येत नाही. पण पाडता येत नाही म्हणून चालतं असं नव्हे. मैफली, विनोदी कार्यक्रम, पडद्यामागची सशुल्क सहल, सगळं करून ते खर्च भागवतात.

बाल्कनी उंच आणि उभी. पहिल्यांदा या आठवड्यात थिएटरात कुणीतरी शिट्टी मारली. बरं वाटलं.

परतताना ला शापेलला तमिळ वाण्याकडे कढीपत्ता घ्यायला थांबले. रेक्स म्हटल्यावर वाणी हिशेब सोडून बोलायला लागला: २०१६ मध्ये रजनीकांतचा 'कबाली' तिथे लागला होता. त्याची छाती फुगली होती, आणि का फुगू नये? मी मनात दुसराच हिशेब केला. त्या खेळाच्या प्रत्येक तिकिटातले १०.७२ टक्के फ्रेंच सिनेमाच्या निधीत गेले असणार. रजनीकांतच्या चाहत्यांनी इथल्या कुठल्या तरी मंद, गंभीर, दोन माणसं स्वयंपाकघरात भांडतात अशा सिनेमाला हातभार लावलाय. हे प्रकल्पात घालायचंच.

सोमवार, २५ मार्च

ले आलला पाच युरोची झुंबड. पोरंच पोरं, जिन्यावर बसलेली. गुरुवारी गायब असलेलं मधलं वयही सापडलं, पोरांची बोटं धरून. फोटो काढले.

रात्री मोंमार्त्रच्या चढावर स्त्युदिओ २८. १९२८ चं, म्हणून हे नाव. भिंतीवरचे दिवे कवी-दिग्दर्शक जां कॉक्टोने रेखाटलेले. डिसेंबर १९३० मध्ये इथे दिग्दर्शक बुन्युएलचा 'लाज द'ओर' चालू असताना उजव्या संघटनांनी पडद्यावर शाई फेकली, चित्रं फाडली; आठवड्याभरात सिनेमावरच बंदी, ती उठली १९८१ ला. मोडतोड करणाऱ्यांच्या मनासारखं सरकारने केलं, हा भाग ओळखीचा वाटला. आज मागच्या छोट्या बागेत लोक वाइन पीत होते. दहा-पंधरा मिनिटांत हॉल भरला.

मंगळवार, २६ मार्च

शेवटचा खेळ मूकपटाचा, पाते या जुन्या सिनेमा कंपनीच्या प्रतिष्ठानच्या हॉलमध्ये, आव्हन्यू दे गोब्लँ. दर्शनी भिंत जुनी, तिच्यावरची शिल्पं तरुण रोदँची. तिच्यामागे वास्तुकार रेन्झो पियानोने २०१४ मध्ये बांधलेली काचेची गोलसर इमारत, दोन घरांच्या मध्ये दडवलेली. रस्त्यावरून अंदाजही येत नाही. बेर्सीपेक्षा मला ही कितीतरी पटली.

हॉल सत्तरेक खुर्च्यांचा. पियानोवर एक मुलगा, माझ्याच वयाचा. पूर्ण खेळभर त्याने पट्ट्यांकडे पाहिलं नाही, मान वर, नजर पडद्यावर. नायिका पत्र उघडते तिथे त्याने वाजवणं थांबवलं. ती वाचेपर्यंत थांबला, आणि तिने पत्र खाली केल्यावर एकच खालचा सूर. सबटायटलचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे या आठवड्यात पहिल्यांदा मी बाकीच्यांच्या बरोबर हसले, त्यांच्यानंतर नाही.

संध्याकाळी बाईंना कच्चा आराखडा दाखवला. हिशेबाचा भाग त्यांना आवडला. पण त्यांनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं: अधिभार, कार्ड, अनुदान, हे सगळं लोकांनी एवढी वर्षं चालू का दिलं? कर कुणालाच आवडत नाही. म्हणजे तू ज्या प्रेमाला आळशी उत्तर म्हणतेस, ते कुठेतरी आहेच की. मी म्हटलं, आहे, पण ते कायद्यात उतरवलं म्हणून टिकलं. आमच्याकडे ते पोस्टरला दूध घालण्यात खर्च होतं. बाई हसल्या, पण मुद्दा मान्य केला असं काही म्हणाल्या नाहीत. हा वाद अहवालात तसाच ठेवायचा, दोन्ही बाजूंनी.

राहिलेली कामं: शांपोल्यों गल्लीचं छेदचित्र काढायचं, आरशांच्या रचनेसकट. २०१९ मध्ये फ्रान्सभर २१.३ कोटी तिकिटं खपली, २०२३ मध्ये १८ कोटी. घट कुठल्या थिएटरांना जास्त बसली ते शोधायचं. दुपारच्या खेळांतली पांढरी डोकी दहा वर्षांनी कुठे असतील, यावर एक परिच्छेद हवाच. आणि बार्बेसचं लुक्सॉर बघायचं राहिलंय. १९२१ चं इजिप्शियन थाटाचं थिएटर, बंद पडलं होतं, महापालिकेने २००३ मध्ये विकत घेतलं आणि दहा वर्षांनी दुरुस्त करून उघडलं. नगररचनेच्या दृष्टीने याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही. तिथे मेल टाकलाय. शुक्रवारी सकाळी पहिल्या खेळाआधी या, म्हणालेत.